प्रकाशप्रदूषण-फिल्टरची निवड : अल्प खर्चात खगोलछायाचित्रण करू इच्छिणाऱ्यांसाठी

विद्यालयातील आकाशनिरीक्षणाच्या तासांतून ज्यांना ताऱ्यांची गोडी लागली, असे आपले अनेक माजी विद्यार्थी आज नोकरी-व्यवसायानिमित्त मोठ्या शहरांत स्थायिक झाले आहेत. त्यांच्यापैकी काहींनी जुना डीएसएलआर कॅमेरा घेतला आहे, काहींची मुले शाळेच्या प्रकल्पासाठी आकाशाची छायाचित्रे घेऊ पाहतात. आमच्याकडे येणाऱ्या विचारणांत एक प्रश्न वारंवार असतो : शहराच्या उजेडावर मात करण्यासाठी कोणता फिल्टर घ्यावा? प्रश्न पैशाचा आहे. साधा फिल्टर काही हजारांत मिळतो. उत्तम प्रतीच्या फिल्टरला मात्र वापरलेल्या कॅमेऱ्याइतकी किंमत मोजावी लागते. मध्यमवर्गीय कुटुंबाने ही रक्कम खर्च करण्यापूर्वी काचेची ती चकती नेमके काय करते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करू. कोणताही फिल्टर प्रकाशात भर घालीत नाही. तो केवळ प्रकाश अडवितो. त्याने नको असलेला प्रकाश अधिक आणि हवा असलेला प्रकाश कमी अडविला, तरच छायाचित्रात लाभ होतो. म्हणून निवडीचा सारा विचार दोन प्रश्नांवर येऊन ठेपतो. आपल्या डोक्यावरील आकाश कोणत्या दिव्यांनी उजळले आहे? आणि ज्याचे छायाचित्र घ्यावयाचे, ती वस्तू कोणत्या रंगांत प्रकाशते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत पालटले आहे. पूर्वी रस्त्यांवर पाऱ्याच्या आणि सोडियमच्या वाफेचे दिवे असत. या दिव्यांचा प्रकाश वर्णपटात सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. पाऱ्याच्या ठळक रेषा ४३६, ५४६ आणि ५७८ नॅनोमीटरच्या आसपास असतात, तर सोडियमचा पिवळा प्रकाश मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या परिसरात एकवटलेला असतो. नेमका तेवढाच पट्टा अडविला की आकाशाची पार्श्वभूमी बरीच काळवंडते. निओडिमियमयुक्त काचेचा स्वस्त फिल्टर याच तत्त्वावर चालतो. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये ‘डिडिमियम’ या तथाकथित मूलद्रव्यातून निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम वेगळे काढले. पुढे त्याच डिडिमियमचे चष्मे काच फुंकणारे कारागीर डोळ्यांवर चढवू लागले. कारण तप्त काचेतील सोडियमची पिवळी ज्योत त्यांना मधला तुकडा दिसू देत नसे. कारागिराच्या डोळ्यांसाठी जी काच उपयोगी पडली, तीच दुर्बिणीवरही कामास आली, ही आम्हाला मोठी रम्य गोष्ट वाटते.

परंतु २०१५ पासून राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमाखाली देशभर एलईडी दिवे बसविण्यात आले. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्या प्रकाशाचा उंचवटा असतो आणि त्यापुढे हिरव्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेला सलग पट्टा असतो. येथे अडविण्याजोग्या सुट्या रेषाच उरत नाहीत. त्यामुळे जुन्या पुस्तकांत वाखाणलेले निओडिमियमचे आणि ‘सीएलएस’ प्रकारातील रुंद पट्ट्याचे फिल्टर आज अनेक शहरांत अपेक्षेइतका परिणाम दाखवीत नाहीत. शिवाय ‘सीएलएस’ फिल्टर मधला पिवळा-नारिंगी पट्टा मोठ्या प्रमाणात कापतो. छायाचित्रावर निळसर-हिरवी छटा येते आणि ताऱ्यांचे खरे रंग परत मिळविणे जिकिरीचे होते.

आपल्या परिसरात कोणते दिवे आहेत, हे ओळखण्यासाठी घरातील जुनी सीडी पुरेशी आहे. तिच्यावरील वर्तुळाकार चर एकमेकांपासून सुमारे १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात, म्हणून ती प्रकाशाचे रंग वेगळे करते. रात्री दूरच्या एकाच दिव्याचे प्रतिबिंब सीडीत तिरपे पाहावे. रंगांचा सलग पट्टा दिसला तर दिवा एलईडी. मधे काळ्या फटी ठेवून सुटे सुटे रंग दिसले तर पारा किंवा त्याच कुळातील दिवा. पिवळ्या भागाचेच प्राबल्य असेल तर सोडियम. सहावी-सातवीच्या मुलांनाही हा प्रयोग सहज जमतो. पालकांनी तो मुलांसह अवश्य करावा. सूर्याकडे मात्र सीडीतून कदापि पाहू नये.

आता दुसरा प्रश्न. आकाशातील वस्तू छायाचित्रणाच्या दृष्टीने दोन गटांत मोडतात. मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस असलेला तेजोमेघ, धनु राशीतील लगून तेजोमेघ यांसारखे वायूचे ढग स्वतः प्रकाशतात आणि त्यांचा बराचसा प्रकाश ठरावीक रेषांत असतो : हायड्रोजनच्या ६५६ व ४८६ नॅनोमीटरवरील रेषा आणि ऑक्सिजनच्या ४९६ व ५०१ नॅनोमीटरवरील रेषा. दुसऱ्या गटात देवयानी दीर्घिका, तारकागुच्छ आणि कृत्तिकेभोवतीची निळसर धूळ येते. हा सर्व ताऱ्यांचाच प्रकाश आहे, प्रत्यक्ष वा परावर्तित. तो वर्णपटभर पसरलेला असतो.

येथे थोडे गणित करावे. दृश्य वर्णपट ढोबळमानाने ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे ३०० नॅनोमीटर रुंद. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या रेषांभोवतीचे प्रत्येकी ७ नॅनोमीटरचे दोन पट्टे सोडणारा ‘दुहेरी पट्ट्याचा’ फिल्टर एकूण १४ नॅनोमीटरच प्रकाश आत येऊ देतो. एलईडीचा उजेड सर्वत्र सारखा पसरलेला मानला, तर तो सुमारे एकविसाव्या हिश्शावर येतो, आणि तेजोमेघाच्या मुख्य रेषा मात्र जवळजवळ पूर्ण आत येतात. लाभ उघड आहे. तोच फिल्टर देवयानी दीर्घिकेसमोर धरला, तर तिचा प्रकाशही एकविसाव्या हिश्शावर येईल. आकाश काळे झाले आणि दीर्घिकाही तितकीच काळी झाली, तर पदरात काय पडले? उलट तेवढा प्रकाश जमविण्यास कितीतरी अधिक वेळ लागेल. दीर्घिका आणि कृत्तिका यांसाठी एलईडीच्या युगात स्वस्त असा खरा उपाय काचेत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. विक्रेते याबाबत फार उदार भाषा वापरतात.

दुहेरी पट्ट्याचा फिल्टर घेण्यापूर्वी स्वतःच्या कॅमेऱ्याकडेही पाहावे. बाजारातील सामान्य डीएसएलआरमध्ये संवेदकापुढे अवरक्त प्रकाश अडविणारी काच असते आणि ती ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाशही फार मोठ्या प्रमाणात गिळते. जेमतेम चौथाई भाग आत पोहोचतो. अशा कॅमेऱ्यावर महागडा फिल्टर लावणे म्हणजे पुढचे दार उघडून मागचे लावून घेणे होय. ती काच जाणकाराकडून काढून घेता येते, परंतु मग दिवसाच्या छायाचित्रांचे रंग बिघडतात. कॅमेरा घरच्या लग्नसमारंभालाही वापरावयाचा असेल, तर या वाटेला जाऊ नये.

खर्चाचा क्रम आमच्या मते असा असावा. आधी भक्कम तिपाई. मग पृथ्वीच्या परिवलनाशी जुळवून कॅमेरा फिरविणारे ट्रॅकर उपकरण. त्यानंतर प्रवास, आणि सर्वांत शेवटी फिल्टर. प्रवास मधे का, याचेही गणित आहे. शहरातील आकाशाची उजळी चौरस विकलेमागे १८ प्रतीची आणि दूरच्या खेड्यातील २१ प्रतीची धरू. तीन प्रतींचा फरक म्हणजे उजळीत सुमारे सोळापट फरक. अंधूक वस्तूचे छायाचित्र तितकेच स्वच्छ हवे असेल, तर खेड्यातील एका तासाच्या बरोबरीस शहरात सोळा तास लागतात. एसटीचे परतीचे तिकीट यापुढे काहीच नाही, आणि ते दीर्घिकेलाही लागू पडते. मुंबईच्या हौशी निरीक्षकांच्या किती पिढ्या रात्रीच्या लोकलने वांगणीला उतरल्या असतील! महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, हेही माजी विद्यार्थ्यांनी सहलीचा बेत आखताना ध्यानी घ्यावे.

अंधाऱ्या जागाही मात्र वेगाने आकसत आहेत. नागरिकांनी नोंदविलेल्या पन्नास हजारांहून अधिक निरीक्षणांवर आधारित अभ्यास २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०११ ते २०२२ या काळात आकाशाची उजळी वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढली. या गतीने ती आठ वर्षांच्या आतच दुप्पट होते. यंदा पाचवीत आलेले मूल वसतिगृहातून बाहेर पडेपर्यंत त्याचे आकाश जवळजवळ दुप्पट उजळलेले असेल. आवारातील दिव्यांना वरून टोपी बसविणे आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवे लावणे, या दोन गोष्टींचा खर्च एका चांगल्या फिल्टरहून फारसा अधिक येऊ नये. विद्यालयास भेट देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी याचाही विचार करावा, असे सुचवावेसे वाटते.

एवढे करूनही ज्यांना शहरातील गच्चीवरूनच तेजोमेघ टिपायचे आहेत आणि ज्यांचा कॅमेरा त्यास योग्य आहे, त्यांनी दुहेरी पट्ट्याचा फिल्टर जरूर घ्यावा. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्रीही त्यामुळे वाया जात नाहीत. शक्यतो दोन इंची आकार घ्यावा. सव्वा इंची स्वस्त असतो, पण मोठ्या संवेदकाचे कोपरे त्यामुळे झाकोळतात. कॅमेऱ्याच्या पोटात बसणारा ‘क्लिप’ प्रकार सोयीचा खरा, तथापि तो त्या विशिष्ट कॅमेऱ्याशी बांधलेला राहतो. रुंद कोनाच्या भिंगापुढे अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावू नये. प्रकाश तिरपा पडला की त्याचा पट्टा निळ्या बाजूस सरकतो. वीस अंशांच्या तिरपेपणात ही सरक दहा नॅनोमीटरच्या घरात जाऊ शकते आणि कोपऱ्यांत हायड्रोजनची रेषा पट्ट्याबाहेर पडते.

विकत घेण्यापूर्वी एखाद्या स्थानिक मंडळातील परिचिताकडून फिल्टर एका रात्रीपुरता मागून घ्यावा. एकच तेजोमेघ, एकच रात्र, एकूण वेळ सारखा : तासभर फिल्टरसह, तासभर फिल्टरविना. दोन्ही संच सारख्याच रीतीने एकत्र करून शेजारी-शेजारी ठेवावेत आणि घरातील ज्या व्यक्तीला खगोलशास्त्राचा गंध नाही, तिला कोणते चित्र अधिक स्पष्ट ते विचारावे. तिला फरक सांगता आला नाही, तर फिल्टर परत करावा.