परदेशातील घटस्फोट आणि आपला कायदा

गावातील एखादी विवाहित मुलगी माहेरी परत आलेली असते. पती अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये नोकरीस असतो. वर्षभर पत्र नाही, पैसा नाही, आणि एके दिवशी टपालाने जाड लिफाफा येतो. त्यात इंग्रजीत छापलेला, न्यायालयाचा शिक्का असलेला एक कागद असतो. अमुक परगण्याच्या न्यायालयाने सदर विवाह विसर्जित केला आहे, एवढाच त्याचा अर्थ. मुलीचे वडील तो कागद घेऊन ग्रामपंचायतीत येतात, नाहीतर शाळेतील मुख्याध्यापकांकडे जातात, आणि विचारतात, “गुरुजी, आता हिचे लग्न मोडले काय?”

पुष्कळदा या प्रश्नास घाईने “हो” असे उत्तर दिले जाते. न्यायालयाचा शिक्का पाहून आपल्याकडे माणूस दबतो, आणि शिक्का परदेशी असेल तर अधिकच. तथापि भारतीय कायद्याचे उत्तर इतके सरळ नाही. अनेक प्रकरणी ते “नाही” असेच आहे.

प्रत्येक देशाच्या न्यायालयाची सत्ता त्या देशाच्या सीमेपर्यंत चालते. दुसऱ्या देशाचा निर्णय आपण मानावयाचा तो आपल्या कायद्याने परवानगी दिली असेल तेवढ्यापुरताच. आपल्याकडे ही परवानगी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १३ मध्ये आहे. या कलमान्वये परकीय न्यायालयाचा निर्णय सामान्यतः निर्णायक मानला जातो. पण त्याला सहा अपवाद आहेत. निर्णय देणाऱ्या न्यायालयास अधिकारिता नसेल, प्रकरणाच्या गुणावगुणांचा विचार न होता निर्णय दिला गेला असेल, आंतरराष्ट्रीय कायद्याचा चुकीचा अर्थ लावला असेल किंवा लागू असलेला भारतीय कायदा मानण्यास नकार दिला असेल, नैसर्गिक न्यायाची पायमल्ली झाली असेल, निर्णय कपटाने मिळविला असेल, किंवा त्यायोगे भारतातील कायद्याचा भंग करणारी मागणी मान्य झाली असेल, तर असा निर्णय येथे बंधनकारक ठरत नाही. ही भाषा व्यापारी दाव्यांना साजेशी आहे. ती विवाहास कशी लावावयाची, हे पुढे सर्वोच्च न्यायालयास ठरवावे लागले.

पहिला महत्त्वाचा निवाडा १ ऑक्टोबर १९७४ चा. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी तो लिहिला. प्रकरण असे की, १९५५ साली जालंधर येथे हिंदू पद्धतीने एक विवाह झाला. दोन मुले झाली. १९५९ च्या आरंभी पती शिक्षणासाठी अमेरिकेस गेला आणि तेथेच राहिला. १९६५ साली पत्नीने जालंधरच्या न्यायालयात पोटगी मागितली, तेव्हा पतीच्या वकिलाने सांगितले की विवाह आता अस्तित्वातच नाही. डिसेंबर १९६४ मध्ये नेवाडा राज्यातील न्यायालयाने तो विसर्जित केला आहे. नेवाडाची ख्याती अशी की, तेथे सहा आठवडे वास्तव्य केले की घटस्फोटाचा अर्ज करता येतो. त्यासाठी लोक मुद्दाम तेथे जात. हा पती शिकला आणि नोकरीस राहिला तो दुसऱ्या राज्यांत.

दंडाधिकाऱ्यांनी पत्नीचे म्हणणे मान्य केले. उच्च न्यायालयाने मात्र ते फिरविले. पत्नीचा अधिवास पतीच्या अधिवासामागे जातो, या जुन्या इंग्रजी तत्त्वावर तो निर्णय आधारलेला होता. नवरा जेथे जाईल तेथेच बायकोचे कायदेशीर घर, मग ती बिचारी जालंधरात मुले सांभाळीत का बसलेली असेना! सर्वोच्च न्यायालयाने हे मानले नाही. नेवाडात कायम राहण्याचा पतीचा हेतू नव्हता, तो तेथे पाहुण्यासारखा जाऊन आला, आणि आपण तेथील रहिवासी आहोत असे न्यायालयास खोटे सांगून त्याने हुकूमनामा मिळविला, असा निष्कर्ष निघाला. ज्या वस्तुस्थितीवर न्यायालयाची अधिकारिता अवलंबून असते, तिच्याविषयीच कपट झाल्यावर हुकूमनामा टिकत नाही. पत्नी पत्नीच राहिली आणि पोटगीस पात्र ठरली.

याच निवाड्यात न्यायालयाने या विषयावर कायदा करण्याची गरज दाखवून दिली होती. त्यानुसार न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने १९७६ साली परदेशी घटस्फोटांच्या मान्यतेवर आपला ६५ वा अहवाल सादर केला. त्यावरून कायदा मात्र झाला नाही. म्हणून पुढचे नियमही न्यायालयालाच घालून द्यावे लागले, आणि ते काम ९ जुलै १९९१ च्या निवाड्याने केले. योगायोग असा की, तो निवाडाही एका मराठी न्यायमूर्तींनी, पी. बी. सावंत यांनी, लिहिला.

या प्रकरणातील विवाह १९७५ साली तिरुपती येथे झाला होता. पतीने अमेरिकेतील मिसूरी राज्यात अर्ज केला. पत्नीने येथूनच आक्षेप राखून उत्तर पाठविले. ती तेथे जाऊ शकली नाही. १९८० मध्ये तिच्या अनुपस्थितीत हुकूमनामा झाला. कारण दिले होते ते विवाह भंगला असून तो पुन्हा जुळण्यासारखा नाही, असे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये हे कारण घटस्फोटासाठी दिलेले नाही. पतीने पुढच्या वर्षी भारतात दुसरा विवाह केला आणि पत्नीने द्विविवाहाची फिर्याद दाखल केली.

न्यायालयाने ठरविलेला नियम प्रत्येक ग्रामसेवकाने व शिक्षकाने ध्यानात ठेवावा इतका उपयुक्त आहे. उभयतांचा विवाह ज्या कायद्याखाली झाला, त्याच कायद्यानुसार परकीय न्यायालयास अधिकारिता असली पाहिजे आणि त्याच कायद्यात सांगितलेल्या कारणावरून घटस्फोट दिला गेला पाहिजे. याला तीन अपवाद ठेवले. प्रतिवादी, म्हणजे बहुधा पत्नी, त्या देशात अधिवासी असेल किंवा तेथे कायम राहत असेल आणि घटस्फोटाचे कारण आपल्या कायद्यात बसणारे असेल, तर तो मान्य होईल. तिने स्वेच्छेने आणि परिणामकारकपणे त्या न्यायालयात हजर राहून आपल्या कायद्यातील कारणावर आधारलेला दावा लढविला असेल, तरीही मान्य होईल. आणि घटस्फोटास तिने संमती दिली असेल, तर अधिकारिता नसतानाही तो मान्य होईल.

हा तिसरा अपवाद फार जपून वाचावयास हवा. परदेशातून “फक्त सही करून पाठवा” असे सांगून कागद येतात. ते इंग्रजीत असतात आणि घरातील वडीलधारी मंडळी वाद मिटावा म्हणून सही करावयास सांगतात. त्या सहीने मुलीच्या हातातील सर्वांत बळकट बचाव गेलेला असतो. वकिलाने वाचल्याशिवाय अशा कोणत्याही कागदावर सही करू नये. तसेच समन्स आल्यावर काही उत्तर पाठवावयाचेच झाले, तर त्या न्यायालयाची अधिकारिता आपणास मान्य नाही, असा आक्षेप त्यात प्रथम स्पष्टपणे नोंदवावा.

नैसर्गिक न्यायाचा अर्थही या निवाड्याने विस्तृत केला. समन्स पोहोचले एवढ्याने भागत नाही. प्रतिवादीस खरोखरच जाऊन बाजू मांडणे शक्य होते काय, हे पाहिले पाहिजे. गरज पडल्यास तिचा प्रवास, निवास व दाव्याचा खर्च अर्जदाराने दिला पाहिजे. सांगली जिल्ह्यातील मुलीने व्हिसा आणि विमानाचे भाडे कोठून आणावे, हा आपला नेहमीचा प्रश्न. त्याला सर्वोच्च न्यायालयाने कायद्यात जागा दिली. या प्रकरणात आणखी एक साधी गोष्ट पुढे आली. परदेशी हुकूमनाम्याची केवळ छायाप्रत पुरावा म्हणून चालत नाही. त्यासाठी प्रमाणित प्रत लागते.

उलट दिशेचाही विचार करू. भारतातील न्यायालयाने दिलेला घटस्फोट परदेशात मानला जातो काय? इंग्लंडमध्ये १९८६ च्या कायद्यानुसार, दोघांपैकी एक जण ज्या देशाचा नागरिक, अधिवासी किंवा नित्य रहिवासी असेल त्या देशात रीतसर कार्यवाहीने झालेला घटस्फोट सामान्यतः मान्य होतो. गोव्यातील ज्या कुटुंबांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन आपले विवाह लिस्बनला नोंदविले आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. युरोपीय संघातील एका देशाचा घटस्फोट दुसऱ्या देशात विशेष कार्यवाहीशिवाय मान्य होतो. पण भारतीय हुकूमनाम्याची तेथील न्यायालयाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. ती केली नाही, तर एकच माणूस पणजीत घटस्फोटित आणि लिस्बनमध्ये विवाहित राहतो. अशा विवाहास कायदेपंडित “लंगडा विवाह” म्हणतात. नाव कठोर आहे खरे, पण चपखल आहे.

भारतीय नागरिकाचा विवाह परदेशातच व्हावयाचा असेल, तर विदेशी विवाह अधिनियम, १९६९ आहे. दोघांपैकी एक तरी भारतीय नागरिक असल्यास आपल्या वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यासमोर तो करता येतो. समलिंगी जोडप्यांचे विवाह व परदेशातील नोंदणीकृत भागीदारी यांस मात्र भारतात विवाह म्हणून मान्यता नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न विधिमंडळाचा असल्याचे सांगितले.

संसदेने या संपूर्ण विषयावर अद्याप एक सर्वंकष कायदा केलेला नाही. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, भारतात झालेला अनिवासी भारतीयाचा विवाह परदेशी न्यायालयाने रद्द करू नये, अशा आशयाच्या तरतुदीचा विचार व्हावा असे सुचविले. २०१९ साली राज्यसभेत अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचे विधेयक मांडले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधि आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात सर्वंकष कायद्याची शिफारस केली.

तोवर गावपातळीवर पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे, आणि त्यातील पहिले म्हणजे विवाहाची नोंदणी. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाप्रमाणे विवाह नोंदविता येतो; गोव्यात तर नागरी नोंदणीची प्रथा पोर्तुगीज अमदानीपासूनची. नवरदेव परदेशी राहणारा असेल, तर पंगत उठण्याआधी नोंदणीची तारीख ठरवावी. त्याच्या पारपत्राची, व्हिसाची व नोकरीच्या पत्त्याची प्रत मुलीच्या घरी असावी. दाखल्यावर अॅपॉस्टिलचा शिक्का घेतला, तर त्या करारात सामील असलेल्या देशांत तो कागद म्हणून ग्राह्य होतो. भारतात ही सोय २००५ पासून आहे.

घटस्फोटाचा लिफाफा आलाच, तर तो वैध की अवैध हे ग्रामसेवकाने किंवा सरपंचांनी ठरवू नये. पण “लग्न मोडले” असेही सांगू नये. हिंदू विवाह अधिनियमातील २००३ च्या दुरुस्तीमुळे पत्नीला ती स्वतः राहते तेथील न्यायालयात अर्ज करता येतो. पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. तेथे जाताना हुकूमनाम्याबरोबर तो ज्या लिफाफ्यातून आला तो लिफाफाही न्यावा. कारण कागद कोणत्या दिवशी हाती पडला आणि त्यापूर्वी समन्स आले होते की नाही, हे पुढे तिकिटावरील टपालाच्या शिक्क्यावरूनच सिद्ध करावे लागते.