आरोग्याची खरी माहिती आणि तिचा खर्च

मुंबईहून निघालेली आगगाडी खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्यास पोहोचली की हवेतील पालट प्रवाशास तत्काळ जाणवतो. या हवेसाठीच लोणावळा, खंडाळा आणि पुढे तळेगाव दाभाडे येथे प्रकृतिस्वास्थ्याकरिता येणाऱ्यांची रीघ पूर्वापार लागलेली आहे. आजारातून उठलेला माणूस येथे आशेने येतो. परंतु आशा असेल तेथे तिचा लाभ उठविणारेही असतात. अमुक उपचाराने दमा समूळ जातो, तमुक चूर्णाने मधुमेह नाहीसा होतो, असे सांगणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. त्यांतील खरे किती व खोटे किती, हे पारखण्याचे साधन रुग्णाजवळ नसते.

ते साधन म्हणजे विश्वसनीय माहिती. मात्र ती फुकट मिळत नाही. प्रयोगशाळा, तज्ज्ञ, कागद, छपाई आणि टपाल या सर्वांना पैसा लागतो. वाचकाची वर्गणी, जाहिरातदाराचे पैसे, दात्याची देणगी आणि शासनाचे अनुदान हे त्याचे चार मार्ग होत. यांपैकी जाहिरातीचा मार्ग आरोग्याच्या बाबतीत सर्वांत निसरडा. म्हणूनच १९५४ साली केंद्र शासनाने औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा केला आणि ठराविक रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर बंदी घातली. वर्गणीचे उत्पन्न बहुधा तुटपुंजे असते. उरतात ते दाता आणि शासन. या दोघांच्या साहाय्याने आरोग्याची माहिती कशी उभी राहते, याचे उद्बोधक उदाहरण मावळातच पाहावयास मिळते.

एका त्रैमासिकाचा जन्म

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६), यांनी ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. त्यापूर्वी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासला होता. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना मोजमापाने आढळून आले. बस्तीच्या क्रियेत पाणी आत कसे ओढले जाते, या प्रश्नाचा उलगडा त्यामुळे झाला. या दाबफरकास त्यांनी आपले गुरू परमहंस माधवदासजी यांचे नाव दिले. गुरूविषयीचा आदर आणि दाबमापकावरील आकडा एकाच लेखात सुखाने नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

संस्थेबरोबरच १९२४ साली ‘योग-मीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. त्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. प्रयोगांची हकीगत एका विभागात, तर सर्वसामान्य वाचकांसाठी आसने व प्राणायाम यांची सोपी माहिती दुसऱ्या विभागात दिली जाई. त्यामुळे काय मोजले गेले आहे आणि काय परंपरेने सांगितले जाते, हा भेद वाचकासमोर राहत असे. पुढे १९६० नंतरच्या दशकात येथील संशोधकांनी हवाबंद खड्ड्यात बसणाऱ्या व्यक्तींवर प्रयोग केले. जत्रेत ज्या ‘समाधी’कडे लोक तोंडात बोट घालून पाहत, तिची तपासणी प्राणवायू व कर्बवायू यांच्या प्रमाणावरून करण्यात आली. चमत्काराचे रूपांतर परिमाणात करणे, हे आरोग्यविषयक नियतकालिकाचे पहिले कर्तव्य होय.

दात्यांचा हात, शासनाचा आधार

या कार्यास धनिकांचे मोठे साहाय्य लाभले. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९३६ साली स्थिरावलेले ईश्वरदास चुनीलाल योगिक हेल्थ सेंटर चुनीलाल मेहता यांच्या देणगीतून उभे राहिले. लोणावळ्याच्या योग महाविद्यालयास गोरधनदास सेक्सरिया यांचे, तर तेथील रुग्णालयास श्रीमती अमोलकदेवी तीरथराम गुप्ता यांचे नाव आहे. पुढे शासनानेही योगसंशोधनाची जबाबदारी अंशतः उचलली आणि १९७८ मध्ये केंद्र शासनाने योग व निसर्गोपचार यांच्या संशोधनासाठी स्वतंत्र परिषद स्थापन केली.

येथे एक गोष्ट सहज नजरेस येते. दात्यांची नावे रुग्णालयावर, महाविद्यालयावर आणि आरोग्यकेंद्रावर आहेत. इमारत डोळ्यांना दिसते, तिच्या दर्शनी भागी कोनशिला बसविता येते. त्रैमासिकाच्या अंकाला कोनशिला नसते. वाचून झालेला अंक फडताळात जातो, पण त्यातील माहितीमुळे एखादा रुग्ण चुकीच्या उपचारापासून वाचला, तर त्याची नोंद कोठेही होत नाही. ‘योग-मीमांसे’च्या प्रकाशनातही मधूनमधून खंड पडले. तरीही ते टिकले आणि आज शंभर वर्षांनंतरही प्रसिद्ध होत आहे, ही गोष्ट गौरवाची आहे.

या नियतकालिकाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. ते इंग्रजीत निघत आले. ज्या डोंगराच्या कुशीत हे संशोधन झाले, तेथील पवनमावळातील वा आंदरमावळातील शेतकऱ्याच्या घरी ते जाण्याचा संभव नव्हता. शिवाय त्याचा प्रश्नही वेगळा होता. कोणता उपचार शास्त्रशुद्ध आहे, याच्या आधी त्यास हे हवे होते की, पावसाळ्यात ओढा ओलांडून आरोग्यकेंद्रात नेलेल्या बाळंतिणीस तेथे डॉक्टर भेटेल काय, औषध मिळेल काय, आणि पैसे न मागता उपचार होतील काय. उपचाराची गुणवत्ता हा एक प्रश्न. सेवेची गुणवत्ता हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नासाठी वेगळे माध्यम लागते.

गावाची दवंडी

असे माध्यम महाराष्ट्रात शासकीय निधीतून उभे राहिले. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यात आरोग्यसेवांवर लोकांनीच देखरेख ठेवावी, अशी तरतूद होती. त्यानुसार २००७ मध्ये देशातील ९ राज्यांत प्रायोगिक काम हाती घेण्यात आले. महाराष्ट्रात त्यासाठी पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे ५ जिल्हे निवडण्यात आले. प्रत्येक जिल्ह्यात ४५ याप्रमाणे २२५ गावांत हे काम सुरू झाले. राज्यपातळीवरील समन्वय पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे होता.

कामाची पद्धत साधी होती. गावसमितीचे सदस्य लोकांशी बोलून उपकेंद्र व आरोग्यकेंद्र यांच्या सेवेचे प्रगतिपुस्तक तयार करीत. समाधानकारक सेवेस हिरवा, मध्यम सेवेस पिवळा व असमाधानकारक सेवेस लाल रंग दिला जाई. अक्षरओळख नसलेल्या मातेलाही हा तक्ता वाचता येत असे. त्यानंतर जनसुनवाई भरे. तेथे ग्रामस्थ आपले अनुभव सांगत आणि अधिकारी सर्वांसमक्ष उत्तर देत. या कामाची वार्ता गावोगाव नेण्यासाठी ‘दवंडी’ नावाचे मराठी वार्तापत्र काढण्यात आले. नाव अत्यंत समर्पक होते. पूर्वी दवंडी सरकारचा हुकूम गावाला ऐकवी. या दवंडीने गावाचे म्हणणे सरकारला ऐकविले.

पैसा आणि निष्कर्ष

या व्यवस्थेत एक पेच आहे. ज्याच्या सेवेची परीक्षा घ्यावयाची, तोच परीक्षेचा खर्च देतो. अभियानाचा निधी आराखड्यातून मंजूर होतो. मंजुरी लांबली की कार्यकर्त्याचे मानधन आणि वार्तापत्राचा अंक दोन्ही लांबणीवर पडण्याचा धोका असतो. देणगीतही धोका असतोच. दात्यास एखाद्या उपचारावर श्रद्धा असेल, तर प्रतिकूल निष्कर्ष छापताना संपादकाचा हात अडखळू शकतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. पहिला उपाय, पैसा कोणी व किती दिला, हे प्रत्येक प्रकाशनात स्पष्टपणे छापणे. सार्वजनिक न्यासांना १९५० च्या अधिनियमानुसार हिशेब तपासून घ्यावेच लागतात. ते वाचकांसमोर ठेवण्यास कसलाच अडसर नाही. दुसरा उपाय, निधी एकाच हातातून न घेणे. तिसरा, अनुदान वर्षाऐवजी अनेक वर्षांसाठी ठरविणे, म्हणजे लाल रंगाच्या तक्त्याचा राग पुढील हप्त्यावर निघणार नाही. चौथा, मजकुराचा निर्णय संपादक व तज्ज्ञ यांच्याकडेच ठेवणे. २००५ च्या माहितीच्या अधिकार अधिनियमाने नागरिकाच्या हाती आणखी एक साधन दिले आहे. आरोग्यकेंद्रातील औषधसाठा व मंजूर पदे यांविषयी कोणीही विचारणा करू शकतो. हे आकडे मिळवून, समजेल अशा मराठीत मांडणारे प्रकाशन मात्र हवे.

या संदर्भात मावळातीलच आणखी एक स्मृती मार्गदर्शक ठरेल. अंताजी दामोदर काळे यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. माणशी एक पैसा, एवढीच मागणी होती. रक्कम लहान, पण ती देणारा प्रत्येक जण कारखान्याची खुशाली विचारण्याचा अधिकारी झाला. आरोग्यविषयक माध्यमासही दात्याची उदारता आणि शासनाचे अनुदान या दोहोंबरोबर वाचकाचा असा एक पैसा हवा. खर्चाचा मोठा भाग त्यातून भागणार नाही. परंतु अंक कोणासाठी निघतो, याचा विसर संपादकास पडणार नाही. दम्याने बेजार होऊन लोणावळ्यास आलेला रुग्ण आणि पावसात आरोग्यकेंद्राची वाट चालणारी मावळातील बाळंतीण, या दोघांनाही खरे सांगणारा कोणीतरी मिळावा, एवढ्यासाठी हा खर्च समाजाने आनंदाने उचलावा.