अर्ज फुकट, पण हाती किती? अमेरिकेतील कोरोना शेती-मदतीचा हिशेब

कोरोनात हॉटेलं आणि शाळा बंद पडल्या आणि अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळले. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या कृषी खात्याने १९ अब्ज डॉलरचं पॅकेज जाहीर केलं. त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांसाठी होते. सप्टेंबरात १४ अब्जांपर्यंतची दुसरी फेरी आली. या फेऱ्या आता बंद झाल्या आहेत. पण तिकडे शेती असलेल्या मराठी कुटुंबांना पुढच्या मदतीच्या वेळी हा हिशेब उपयोगी पडेल.

पैसे कोणाला?
पिकाची किंवा जनावरांची जोखीम ज्याची, त्याला. जमीन रोख खंडाने दिली असेल तर मालकाला काही नाही. बटाईने दिली असेल तर वाट्यापुरती मदत. आयोवातली सू काउंटी म्हणजे मका आणि डुकरांचा मुलूख. तिथे कंपनीची डुकरं करारावर पाळणारे, स्वतःची गोठाघरं असूनही, सुरुवातीला अपात्र ठरले, कारण डुकरं त्यांच्या मालकीची नव्हती. डिसेंबर २०२० च्या कायद्यानंतर त्यांच्यासाठी दार उघडलं.

दर (पहिली फेरी)
- मका: बुशेलला (सुमारे २५.४ किलो) सरासरी साडेतेहेतीस सेंट, तेही २०१९ च्या उत्पादनाचा निम्मा भाग किंवा १५ जानेवारी २०२० चा न विकलेला साठा, यांतलं जे कमी असेल त्यावर.
- १२० पौंडांवरचं विकलेलं डुक्कर: १८ डॉलर, न विकता राहिलेलं: १७ डॉलर.
- कमाल मर्यादा: माणशी अडीच लाख डॉलर.

अर्जाचा खर्च
काउंटीच्या कृषी सेवा कार्यालयात अर्जाला शुल्क नव्हतं. एडी-३११४ हा मुख्य अर्ज, सोबत उत्पन्नाचं प्रमाणपत्र, पाणथळ व धूप होणाऱ्या जमिनीबाबतची हमी आणि बँकेचा तपशील. उत्पादनाचे आकडे शेतकऱ्याने स्वतः प्रमाणित करायचे. तपासणीत मागितले तर काट्याच्या पावत्या आणि विक्रीची बिलं दाखवायची. ती नसतील तर मिळालेले पैसे परत करायची पाळी येऊ शकते.

खरी कात्री कराची
ही मदत करपात्र आहे. समजा २०,००० बुशेल मका पिकला आणि निम्म्याहून जास्त साठा शिल्लक होता. १०,००० बुशेलचे मिळाले ३,३५० डॉलर. शेती नफ्यात असेल तर स्वयंरोजगार कर सुमारे ४७३ डॉलर. १२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर केंद्राचा प्राप्तिकर आणखी सुमारे ३७४. हाती राहिले अडीच हजार. राज्याचा कर आणि हिशेबनिसाची फी त्यातूनच. शिवाय पहिल्या फेरीत सुरुवातीला ८० टक्केच रक्कम मिळाली आणि उरलेली नंतर, त्यामुळे पूर्ण रकमेच्या भरवशावर उधारी करणं धोक्याचं होतं.

काय करावं?
मदत जमा झाली की चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त करासाठी बाजूला काढा. पेऱ्याची नोंद दरवर्षी मुदतीत करा, पावत्या वर्षवार फायलीत लावा. अर्ज भरून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवा. कार्यालयातले कर्मचारी तेच काम विनामूल्य करतात.