परसबागेतील वेल : किवी नको, काटवल लावा



अलीकडे गटातून फिरताना बरेच सभासद विचारतात, "साहेब, किवीची कलमे मिळतात म्हणे, अंगणात एखादा वेल लावावा काय?" फळ महाग आहे, आजारी माणसाला आवर्जून दिले जाते, तेव्हा ते घरचे असावे असे वाटणे साहजिक आहे. परंतु कलमांना पैसे मोजण्यापूर्वी पुढील दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१) थंडीचा हिशेब : किवी मूळचा चीनचा. १९०४ साली त्याचे बी न्यूझीलंडला गेले आणि तेथे त्याच्या बागा झाल्या. आपल्या देशात १९६३ च्या सुमारास शिमल्याजवळ फागली येथे त्याची लागवड झाली. आज हिमाचल, अरुणाचल, सिक्कीम, नागालँड अशा डोंगराळ थंड मुलखात तो पिकतो. हा वेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेतो. 'हेवर्ड' या प्रसिद्ध जातीला ७ अंशांखालील थंडी सुमारे ७०० ते ८०० तास लागते. ती मिळाली नाही तर डोळे नीट फुटत नाहीत, मग फूल कोठून येणार?

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर आला होता, पण तशी थंडी क्वचित आणि तीही रात्रीपुरती. उलट २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमान होते. अशा उन्हात किवीची मोठी, कोवळी पाने करपतात. सबब आपल्याकडे किवीवर खर्च करू नये.

२) नर आणि मादी वेल : किवीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. थंड मुलखातसुद्धा एकटा मादी वेल लावला तर तो फुलतो पण फळ धरत नाही. म्हणून तेथील बागाईतदार आठ-नऊ मादी वेलांमागे एक नर वेल राखतात.

हे ऐकून नवल वाटेल, पण अगदी असाच वेल आपल्या बांधावर आहे. तो म्हणजे काटवल, पश्चिम महाराष्ट्रात ज्याला करटोली म्हणतात. पावसाळ्यात त्याची भाजी बाजारात चांगल्या भावाने जाते. तरीही परसात लावलेला काटवल पुष्कळदा फळत नाही. मग घरचे लोक 'वांझ आहे' म्हणून तो उपटून टाकतात. तो बहुधा नर असतो. तो गेला की शेजारच्या मादी वेलाचेही फळ धरणे थांबते.

३) ओळख कशी करावी? मादी फुलाच्या खाली बारीक, काटेरी बोंडी असते. नर फुलाच्या खाली बोंडी नसते. तेथे टोपीसारखे लहान पान असते. फूल येईपर्यंत मात्र नर-मादी कळत नाही. बियांपासून दोन्ही प्रकारचे वेल निघतात, शिवाय बी कडक असल्याने उगवण रेंगाळते. म्हणून कंदच लावावेत. को ८६०३२ च्या टिपरीतून जसा को ८६०३२ च उगवतो, तसा मादी वेलाच्या कंदातून मादीच आणि नराच्या कंदातून नरच येतो. बेणे पारखून घेण्याची सवय आपणा ऊसवाल्यांना आहेच.

४) लागवड : मे अखेर ते जूनमध्ये, सुमारे सहा फूट अंतरावर, कुजलेले शेणखत घालून कंद लावावेत. पाच-सहा मादी वेल असले तरी एक नर हवाच. काळ्या जमिनीत पाणी साचून कंद सडतो, म्हणून उंच वाफा करावा. वेल काटक्यांवरून मांडवावर चढवावा आणि बुडाशी उसाच्या पाचटाचे आच्छादन द्यावे.

काटवलाचे फूल सायंकाळी उमलते. फळधारणा कमी वाटल्यास तेव्हा नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला अलगद लावावा. घरातील मुले हे काम हौसेने करतात. फळ आतले बी कडक होण्यापूर्वी तोडावे. फळमाशीने किडलेली फळे गोळा करून नष्ट करावीत आणि क्यू-ल्यूरचा सापळा टांगावा.

पावसाळा सरला की वेल वाळतो, पण मेलेला नसतो. कंद जमिनीत झोपलेला असतो. उन्हाळ्यात तेथे कुदळ चालवू नये. फुले असतानाच प्रत्येक वेलाजवळ खुंटी ठोकून नर-मादीची खूण करावी. पुढच्या जूनमध्ये तोच कंद पुन्हा फुटतो, नवे बेणे लागत नाही.

ज्या सभासदांकडे जुने, ओळखलेले कंद असतील त्यांनी मे महिन्यात शेजाऱ्यालाही द्यावेत, आणि देताना मादीबरोबर एक नर कंद आठवणीने द्यावा. अधिक माहिती हवी असल्यास आपल्या गट कार्यालयात विचारणा करावी.

– ऊस विकास अधिकारी