कोपऱ्यातली सही

आधी एक कबुली. फर्स्ट इयरला ड्रॉइंगची एक शीट मी जीटी मारली होती. (स्टाफसाठी खुलासा: जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली बल्ब, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी.) रेषा सगळ्या रूममेटच्या, पण टायटल ब्लॉकमध्ये 'ड्रॉन बाय'समोर नाव माझं. माझी शीट आधी सबमिट झाली, म्हणून सरांना वाटलं कॉपी त्यानेच केली. मार्क त्याचे गेले. मी गप्प बसलो. तेव्हापासून कुठलंही चित्र दिसलं की मी आधी कोपरा बघतो.

सही कशासाठी?

पहिलं कारण सोपं: हे काम माझं आहे. जर्मन चित्रकार ड्यूरर आपल्या चित्रांवर ए आणि डी ही अक्षरं एकात एक गुंफून खूण करायचा. सोळाव्या शतकात इटलीत रायमोंदीने त्याची चित्रं खुणेसकट कॉपी केली. वसारीने लिहून ठेवलंय की ड्यूररने व्हेनिसमध्ये तक्रार केली, तेव्हा फक्त खूण वापरायला बंदी झाली. म्हणजे जीटी चालेल, नाव नको! माझा गुन्हा उलटा: चित्र दुसऱ्याचं, नाव माझं.

आपल्याकडे जुने कलाकार सही करत नसत असं म्हणतात. वाईजवळ मेणवलीला भिंतीवरची चित्रं बघताना वाडा नाना फडणवीसांचा हे सगळे सांगतात, चित्रकाराचं नाव कोणी घेत नाही. पण बेलूर-हळेबीडच्या होयसळ मंदिरांत बऱ्याच मूर्तींखाली शिल्पकारांची नावं चक्क कोरलेली आहेत.

दुसरं कारण जबाबदारी. आपल्या मिरजेचंच बघा. सतारीला भोपळ्यापासून जवारीपर्यंत अनेक हात लागतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. ही जणू अख्ख्या गावाची सही. नाव मिळालं, पण वाद्य बेसूर निघालं तर नावही गावाचंच जाणार.

सही कशी करतात?

सातारा जिल्ह्यात औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेलं म्युझियम आहे. तिथे राजा रविवर्मांची चित्रं आहेत. रविवर्मा बऱ्याच चित्रांवर इंग्रजीत सही करून सालही टाकत. सही सहसा खालच्या कोपऱ्यात असते, आणि चित्रातल्याच एखाद्या रंगात, म्हणजे ती डोळ्यात खुपत नाही. तैलचित्रावर ती व्हार्निशच्या आधी करतात. सहीचा रंग जुन्या तड्यांमध्ये उतरलेला दिसला, तर ती मागाहून कोणीतरी केली असा तज्ज्ञांना संशय येतो. छापचित्राच्या खाली पेन्सिलने सही आणि 5/50 असा आकडा असतो: पन्नास प्रतींपैकी पाचवी.

आणि सही राहिलीच तर? कॉपीराइट कायदा 1957, कलम 57 प्रमाणे काम माझं आहे असं सांगायचा हक्क कलाकाराकडेच राहतो. माझ्या रूममेटकडेही तो होता. त्याने वापरला नाही, एवढंच.

पुढची शीट मी रात्री तीनपर्यंत जागून स्वतः काढली. सरांनी चार ठिकाणी लाल पेन चालवलं. चारही चुका माझ्याच होत्या.

हा लेख आधी रूममेटला वाचायला दिला. तो म्हणाला, "छापायला दे. पण ह्याच्या खाली सही कर."