कोकणातली भुतं कोणत्या शैलीत?

प्रश्न : आम्ही दोघं मित्र कोकणातल्या भुताखेतांच्या गोष्टींवर अॅनिमेशन मालिका करतोय, पाच-पाच मिनिटांचे भाग. जपानी अॅनिमेची शैली घ्यावी का?

उत्तर : माझं मत, नको. आधी हिशेब मांडा. सेकंदाला 24 फ्रेम्स. एक चित्र दोन फ्रेम्स वापरलं तरी सेकंदाला 12, म्हणजे भागाला 3,600 चित्रं. प्रत्येकात केसांच्या बटा, कपड्यांच्या चुण्या, डोळ्यांतली चमक. दोघांना हे झेपणार नाही.

तुमच्या विषयाला सावल्या शोभतील. जर्मन अॅनिमेटर लोटे रायनिगर यांनी काळी पुठ्ठ्याची पात्रं कापून, सांधे तारेनं जोडून 1926 मध्ये प्रिन्स अहमदच्या परीकथेवर पूर्ण लांबीचा चित्रपट केला. तसे सुटे हात-पाय संगणकावर एकदाच काढून पुन्हा पुन्हा वापरता येतात. शिवाय भुताचा चेहरा दिसतच नाही, ही केवढी सोय! कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकारांच्या चामड्याच्या छायाबाहुल्या जरूर पाहा. नक्षीच्या बारीक भोकांतून उजेड कसा झिरपतो ते नीट बघा. त्यांची पात्रं वापरायची झाली, तर त्या कलाकारांना सोबत घ्या, मोबदला द्या.

मग दहा सेकंदांचा एकच प्रसंग करा आणि मोबाइलवर पाहा. पात्र नुसत्या आकारावरून ओळखू येत नसेल, तर आकार बदला, तपशील वाढवू नका.