पारावरचं मत आणि कागदावरचं मत

कारंजा तालुक्यातलं एखादं गाव डोळ्यांपुढे आणा. दिवस मावळला आहे. कापूस वेचून बाया घरी आल्या आहेत. निंबाच्या पारावर मंडळी बसली आहेत.

तेवढ्यात एक आजी एसटीतून उतरली. हातात पिशवी. पिशवीत कागद. घरी कमावतं कोणी नाही. श्रावणबाळ योजनेची मदत मिळावी म्हणून आजीला उत्पन्नाचा दाखला हवा आहे. आजची ही तिची तिसरी खेप.

साक्षरता वर्गाच्या गुरुजींनी विचारलं, "काय झालं, आजी? मिळाला का दाखला?"

"कुठचा मिळते, गुरुजी! उद्या या म्हणे. भाडं गेलं, दिवसही बुडाला."

पारावरचा एक जण म्हणाला, "सरकारी काम असंच राह्यते, आजी. आपलं कोन ऐकते?"

दुसरा म्हणाला, "कोनाच्या तरी हातावर काही ठेव. मंग होते काम."

सगळे हसले. आजी मात्र हसली नाही.

गुरुजी म्हणाले, "मंडळी, तुम्ही आत्ता तुमचं मत सांगितलं. पण ते ऐकलं कोणी? या निंबानं. निंबाच्या हाती दाखला नाही."

मत म्हणजे काय?

आपल्या भाषेत 'मत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत.

एक मत आपण निवडणुकीत देतो. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. तेव्हा २१ वर्षांच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मिळालं. १९८९ पासून १८ वर्षांच्या तरुणालाही ते मिळालं. शेतमालकाचं मत एक. मजुराचंही एकच.

दुसरं मत म्हणजे आपल्याला काय वाटतं ते. नळाला पाणी येतं का? दवाखान्यात औषध मिळतं का? रेशनचं धान्य बरोबर मापून मिळतं का? शाळा वेळेवर भरते का? याबद्दल प्रत्येकाचं काही ना काही मत असतंच.

पहिलं मत पाच वर्षांनी एकदा द्यायचं. दुसरं मत रोज द्यायचं. रोजचं मत गिळून टाकलं, तर पाच वर्षांचं मतही स्वस्त होतं. ते कसं, पाहा. आजीला वाटलं की दाखला म्हणजे साहेबाची मेहेरबानी. मग मेहेरबानी करणारा जो भेटेल, त्याला ती मत देईल. कोणी नोट पुढे केली, तर नोटेलाही देईल. दाखला हा आपला हक्क आहे, हे कळलं की मग मत विकावंसं वाटत नाही. म्हणून हापिसातल्या खिडकीचा आणि लोकशाहीचा फार जवळचा संबंध आहे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला. दाखले, उतारे, परवाने अशा पुष्कळ सेवा सरकारनं या कायद्याखाली जाहीर केल्या आहेत. हापिसात त्यांचा फलक लावावा लागतो. कोणती सेवा, किती दिवसांत, किती फी, कोण अधिकारी देणार, हे त्यावर लिहायचं असतं. वाचता येणाऱ्या माणसानं आधी तो फलक वाचावा.

अर्ज दिला की पोच घ्यावी. पोचेवर अर्जाचा नंबर आणि तारीख असते. दिवस तिथून मोजायचे.

मुदत टळली किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांच्या आत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. तिथंही काम झालं नाही, तर दुसरं अपील. त्यानंतर सेवा हक्क आयोग. योग्य कारण नसताना सेवा दिली नाही, तर जबाबदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

पण ध्यानात ठेवा. ज्याच्याजवळ पोच नाही, त्याचे दिवस कोण मोजणार?

सगळ्यांचं काम, सगळ्यांची सभा

दाखला एकट्याचा असतो. नळ, रस्ता, दिवाबत्ती सगळ्या गावाची. त्यासाठी ग्रामसभा आहे. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सभासद. त्याला कोणी बोलावून आत घ्यावं लागत नाही. वर्षातून निदान ४ ग्रामसभा झाल्या पाहिजेत.

आपल्याकडे ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालचा. वसंतराव नाईक समितीनं सुचवल्यावर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. हे नाईक आपल्या शेजारच्या पुसद भागातले. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा झाला, तेव्हा ते वाशीमकडे आलं. लोकांना दूर जावं लागू नये, कारभार जवळ यावा, हाच या सगळ्यामागचा हेतू. पण कारभार दाराशी आला आणि आपण दारच लावून घेतलं, तर काय उपयोग?

सभेत बोलावं. बोललेलं लिहून घेतलं का, ते पाहावं. ठराव वाचून दाखवायला सांगावं. कारंजा शहरात नगर परिषद आहे. शहरातल्या लोकांनी आपलं म्हणणं तिथं किंवा नगरसेवकाकडे लेखी द्यावं.

आणि एक गोष्ट. तक्रार खरी असावी. ऐकीव गोष्ट लिहू नये. खिडकीमागचा माणूसही आपल्यासारखाच नागरिक आहे. एखाद्या परिचारिकेनं रात्री उठून बाळंतिणीला सांभाळलं, तर तेही सभेत सांगावं. चांगलं काम चारचौघांत बोललं गेलं की ते वाढतं.

आजीचा कागद

त्या रात्री वर्गात आजीनं विचारलं, "गुरुजी, तुम्ही म्हनता ते पोच मले कोनी देल्लीच नाही. पह्यल्या दिवशीच मांगाले पाह्यजे होती न?"

"हो, आजी. तीन खेपा झाल्या, पण कागदावर एकही नाही."

चौथ्या खेपेला आजीनं अर्जावर अंगठा उठवला नाही. सावकाश, वाकड्या अक्षरांत सही केली. "पोच द्या, बापू," म्हणाली. पोच मिळाली. एसटीत बसून तिनं ती वाचली. आपलं नाव. नंबर. तारीख.

घरी आल्यावर ती पारावर थांबली आणि म्हणाली, "आजपासून दिवस मोजा रे, पोरांनो."

या वेळी पारावर कोणी हसलं नाही. एकानं बोटांवर दिवस मोजायला सुरुवात केली.

विचार करा आणि लिहा

१. 'मत' या शब्दाचे दोन अर्थ कोणते?
२. आजीच्या पहिल्या तीन खेपा वाया का गेल्या?
३. तुमच्या गावातली एक सेवा निवडा. त्यात चांगलं काय, उणं काय, ते चार ओळींत लिहा. खाली तारीख घाला आणि सही करा. पुढच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवा.